सॅलो नावाचा रंग

"घरातल्या बाईला कसा दिसला नाय गो? रोज समोर बसून जेवत व्हता ना तो?"

प्लास्टिकच्या पडद्यापलीकडून हलक्या आवाजात कुणीतरी बोललं. वरंधहून दोघीजणी गणपतीचा पाट द्यायला आल्या होत्या. आमच्याकडे अजून बरीच घरं तयार मूर्ती उचलून नेत नाहीत. घरचा पाट कारखान्यात आणून देतात आणि त्याच पाटावर गणपती करून घेतात. पाट उलटा करून मागे खडूने नाव लिहायचं, मूर्तीची उंची लिहायची, आणि पाट भिंतीला लावून ठेवायचा. काका नाव लिहून आत माती बघायला गेले, तेवढ्यात त्या दोघींचं बोलणं माझ्या बाबांवर आलं होतं.

"तसाच राबत व्हता म्हणं गणपतीपर्यंत," दुसरी म्हणाली. "बायकोचं लक्ष पायजे. नायतर घर जातं."

पडद्याच्या अलीकडे आई पितांबर भरत होती आणि मी तिच्या शेजारी उंदीर रंगवत होते. तिने ऐकलं. मला माहीत आहे, कारण ब्रश वाटीत बुडवून तिने तो काठावर दोनदा जास्तच निपटला. मग सोवळ्याच्या चुणीवरून पिवळ्याची कड तिने सरळ खाली आणली, अजिबात न हलता. आईचा हात चांगला आहे. बाबा म्हणायचे, आमच्या हिला शाळेत घातली असती तर हिने नकाशे काढले असते.

पोलादपूरला हायवेच्या खालच्या अंगाला आमचा हा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, दहा महिने रिकामी. भाताची आवणी उरकली की कापडे गावातल्या आमच्या घरातून सगळं सामान इथे येतं आणि गणपतीपर्यंत आम्ही घरी फक्त झोपायला जातो. बाबांनी ही शेड उभी केली. आता काका चालवतात. मी महाडला एका ऑफिसात काम करते आणि रविवारी इथे येते. श्रावण लागला की तो कधी संपतो याचे मी दिवस मोजते. बाहेर ऊन-पावसाचा खेळ, टाकळ्याची भाजी, उपासाचे दिवस, सगळं तेच असतं. लोक म्हणतात, किती छान महिना. मी हो म्हणते.

बाबांच्या शेवटच्या मोसमाच्या वर्षी मी नववीत होते. महाडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जायचे. सकाळी व्हॅन हायवेवर थांबायची, आणि कशेडी घाटात दरड आली असली की ट्रकांची रांग पार गावापर्यंत असायची. मग व्हॅन त्या ट्रकांच्या कडेकडेने जायची आणि आम्ही उशिरा पोचायचो. उशिरा पोचलं की वर्गात सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून बाकापर्यंत चालत जावं लागे. मला ते फार जड जायचं. मी बोलत नसे. घरीही कमीच, शाळेत त्याहून कमी. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसे, म्हणून मी हात वर करायचे.

पण लिहिलेलं मला आवडे. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी नवीन शब्दांची वही करायला लावली होती. दर आठवड्याला दहा शब्द, एकाच विषयाचे. अर्थ लिहायचा आणि स्वतःचं वाक्य करायचं. गाइडमधलं वाक्य त्या लगेच ओळखत आणि त्यावर तिरकी रेघ मारत. "पाहिलेलं लिहा," म्हणत, "वाचलेलं लिहू नका." त्या आठवड्याचे शब्द रंगांचे होते. मला वाटलं, हे तर माझ्या घरचंच. क्रिमझन झालं, मोव्ह झालं, ओकरला मी पिवडीचं वाक्य केलं, कारण जुन्या पद्धतीने भिंतींना लावायची पिवडी आमच्या शेडमध्ये गोणीत पडलेली असे. शेवटचा शब्द सॅलो होता. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहिला, पिवळसर, आणि पुढे लिहिलं, निरोगी नसलेला. फक्त माणसाच्या कातडीबद्दल वापरतात, असं सांगितलं आणि घंटा झाली.

मला तो कळला नाही. पिवळा रंग निरोगी कसा नसेल? आमच्याकडे पिवळ्याचे कितीतरी डबे होते. लिंबू, हळदी, श्रीखंडी, आंबा. आमच्या भाषेत रंग सांगायचा तर वस्तू दाखवावी लागते. डाळिंबी म्हटलं की डाळिंब फोडल्यासारखं होतं, अबोली म्हटलं की गजरा दिसतो. सॅलोला दाखवायला वस्तूच नव्हती. तो कुठल्या फळात नव्हता, फुलात नव्हता, डब्यात तर नव्हताच. ते वाक्य मी रिकामं ठेवलं.

कारखान्यात कामाची उतरंड असते. घरातलं पोर पहिल्यांदा उंदीर रंगवतं. उंदीर चुकला तर कोणी बघत नाही. मग दोन-तीन वर्षांनी मोदक, मग पाट आणि लोड. सोवळं, शेला, दागिने मोठ्यांकडे. डोळे फक्त बाबांकडे. डोळ्यांची आखणी ते सकाळी अंघोळ करून, काही न खाता करायचे, आणि तेव्हा शेडमध्ये रेडिओसुद्धा बंद असायचा. अंगाचा रंगही तेच करायचे. अंगाचा रंग म्हणजे देवाच्या कातडीचा. पांढऱ्यात काय काय किती मिसळायचं हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. एका मोसमात एकदाच मोठी बादली करायची आणि त्यातच सगळे गणपती काढायचे, म्हणजे घराघरांत एकाच अंगाचे देव जातात, असं ते म्हणत.

त्या वर्षी बाबांना सारखी खाज सुटत होती. हात खाजवायचे, पोटऱ्या खाजवायचे. थिनर अंगावर उठलाय, म्हणत. जेवण कमी झालं होतं, पण श्रावणात ते तसेही एकवेळच जेवायचे. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरायची. पण त्या महिन्यात ते एकटेच कुठे बारीक व्हायचे? आम्ही सगळेच राबून वाळायचो. सगळ्यांच्या अंगावर रंग असायचा. केसांत सोनेरी पावडर, कानामागे लाल, नखांत पिवळा. पाऊस आत येऊ नये म्हणून शेडला चारी बाजूंनी प्लास्टिक बांधलेलं, दिवसाढवळ्या पिवळे बल्ब लावलेले. त्या उजेडात आम्ही सगळे, देव आणि माणसं, एकाच रंगाचे दिसायचो. पिवळ्या रंगाने भरलेल्या घरात पिवळं माणूस वेगळं दिसत नाही. हे मी आता लिहू शकते. पडद्यापलीकडच्या त्या बायकांना हे कसं सांगायचं, मला ठाऊक नाही.

बाबांना दमायला झालं म्हणून त्या मोसमात पहिल्यांदाच बादली काकांनी कालवली. मी उंदीर वाळत ठेवत होते. बाबांनी बादलीत काठी फिरवून बघितली आणि हसले.

"नाना, देवाला काय झालं रे? आजारी दिसतोय."

"बरा तर हाय," काका म्हणाले.

"बरा? अरे, माणूस नवस फेडायला यायचा आणि देवालाच दवाखान्यात घेऊन जायचा. पिवळा जास्त झालाय तुझा."

"बल्बात तसा दिसतो."

"मग उजेडात बघू या, चल."

रंग नेहमी दारातल्या उजेडात बघायचा, ही बाबांची शिस्त होती. ते काठी घेऊन दाराशी गेले. प्लास्टिक बाजूला केलं. बाहेर पाऊस थांबला होता आणि ढगांतून तो पांढरा, सपाट उजेड आला होता ज्यात काहीच लपत नाही. बाबांनी काठी वर धरली, डोळ्यांच्या रेषेत, गालाजवळ. काठीवरून रंग हळूहळू ओघळत होता. मी बादलीपाशी होते, त्यांच्या तोंडाकडे बघत. काठीवरचा रंग आणि बाबांचा गाल यांच्यात फरक नव्हता. डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा पांढरा नव्हता. मी दर मोसमात त्यांना देवाच्या डोळ्यांत पांढरा भरताना बघत आले होते, मला पांढरा माहीत होता.

"बघ," बाबा काकांना म्हणाले, "कोण म्हणेल ह्याला निरोगी?"

मग त्यांनी बादलीत लालचे चार थेंब टाकले, थोडा पांढरा ओतला, आणि ढवळत राहिले. हळूहळू बादली बरी झाली.

मला शब्द कळला होता. इतका नेमका कळला होता की क्षणभर मला आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कोडं सुटतं तेव्हा होतो तसा आनंद. त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, थंड, पण आनंद आधी आला होता.

त्या संध्याकाळी मी रिकाम्या ओळीवर वाक्य लिहिलं. माय फादर्स फेस हॅज बिकम सॅलो. एवढंच. शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मराठीत लिहायला सांगितलं असतं तर मी लिहिलं नसतं. मराठीत ते बाबांपर्यंत पोचलं असतं, आईच्या कानावर गेलं असतं, त्याचं काहीतरी झालं असतं. इंग्रजी आमच्या घरात कुणाला ऐकू जात नसे. मी तिच्यात काहीही ठेवू शकत होते आणि ते तिथेच राहत होतं.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. जेवताना आईला विचारलं, "बाबा थकलेत का गं?"

"थकणार नायतर काय," आई म्हणाली. "गणपती घरोघर गेले की झोपतील चार दिस."

मी पुढचा घास घेतला. आणखी काय बोलणार होते? गणपतीच्या तोंडावर कुणी आजाराचं नाव काढलं की आजी असेपर्यंत ती तोंडावर हात ठेवायला लावायची. ती गेल्यावरही ते घरात तसंच राहिलं होतं. शिवाय मला वाटत होतं, मोठ्यांना दिसलं असणारच. जे मला दिसतं ते त्यांना आधीच दिसलेलं असतं, असं मी त्या वयात धरून चालायचे. आणि हेही आहे की मला बोलायची सवय नव्हती. लोक त्याला गुण समजत. शांत मुलगी आहे, म्हणत.

पुढच्या शनिवारी शाळेत पालकांना वह्या दाखवायचा दिवस होता. बाबा येणार म्हणून मला आधीपासून लाज वाटत होती, त्यांच्या हातांची. इतर मुलींचे वडील बँकेत, तहसीलमध्ये, कंपनीत. मी सकाळीच म्हटलं, "बाबा, हात जरा घासून या." त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. मागच्या दारी बसून त्यांनी आधी रॉकेल लावलं, मग साबण, मग नारळाच्या शेंडीने घासलं. नखांतून पिवळं निघालं, पाण्याबरोबर वाहून गेलं. मग त्यांनी तळहात उघडून माझ्यासमोर धरले. तळहात पिवळेच होते.

"निघत नाय गो बाय," ते म्हणाले. "मुरलाय आता. रंगाऱ्याचा हात, ह्यो असाच."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं आणि म्हटलं, "असू देत." चांगल्या मुलीसारखं.

शाळेत बाईंनी माझी शब्दांची वही काढून बाबांसमोर ठेवली. "बोलत नाही," त्या म्हणाल्या, "पण बघते फार छान. हे वाक्य बघा." त्यांनी बोट ठेवलं ते त्याच वाक्यावर. बाजूला लाल शाईने बरोबरची खूण होती आणि खाली गुड लिहिलं होतं. बाई वाक्याकडे बघून बोलत होत्या. त्यांच्या टेबलापलीकडे बाबा बसले होते, खिडकीतल्या उजेडात. बाईंना मी दोष देत नाही. रांगेत तीस पालक होते. आणि वाक्य वाक्य म्हणूनच तपासायचं असतं.

बाबा वहीवर वाकले. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू येत, औषधाच्या आणि रंगाच्या डब्यांवरची वाचून वाचून. ओठ हलवत त्यांनी एक शब्द जुळवला.

"फादर. फादर म्हणजे मीच ना?"

मी मान हलवली.

"काय लिवलंस माझ्याबद्दल?"

बाई पुढच्या पालकांकडे वळल्या होत्या. आजूबाजूला गोंगाट होता. कुणीही ऐकलं नसतं. वर्षभरात माझ्यासाठी इतकी सोपी वेळ कधी आली नसेल. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आधीच खूश झालेले, आणि त्यांचे डोळे मला इतक्या जवळून दिसत होते.

"चांगलं लिहिलंय," मी म्हटलं.

ती वही त्यांनी मला परत दिली नाही. काखेत मारून पोलादपूरला आणली आणि कारखान्यात काउंटरवर ठेवली, पाटांच्या यादीशेजारी. जो गिऱ्हाईक येईल त्याला पान उघडून दाखवायचे. "आमच्या बायनं माझ्यावर इंग्रजीत लिवलाय. गुड दिलाय बाईनी." लोक लाल खूण बघायचे, वा म्हणायचे. तालुक्याच्या कचेरीतले एक गृहस्थ दरवर्षी आमच्याकडूनच मूर्ती नेत. त्यांनी चष्मा लावून सगळं वाक्य वाचलं आणि शेवटाला अडले.

"हा शब्द नवीन दिसतो. काय अर्थ गं याचा?"

मी उंदीर खाली ठेवला. बाबा, काका, आई, सगळे माझ्याकडे बघत होते.

"रंगाचं नाव आहे," मी म्हटलं.

"मग!" बाबा म्हणाले. "रंगाऱ्याची पोर, रंगावरच लिवणार."

सगळे हसले. गृहस्थ म्हणाले, "दादा, पोरगी नाव काढणार तुमचं." आईने डोळे पुसले, तिला कौतुकाने लगेच पाणी येतं. मी खोटं बोलले नव्हते. रंगाचंच नाव होतं ते. मी पुन्हा उंदीर हातात घेतला.

मग गणपती आले. न्यायच्या दिवशी मुंबईहून आलेला बाबांचा जुना मित्र दारातच थबकला. वर्षाने बघत होता. "काय रे, पिवळा काय पडलास असा?" त्याने एका दमात, छत्री डोक्यावर तशीच धरून विचारलं. मराठीत, सगळ्यांसमोर. इतकं सोपं होतं ते. आई हातातला नारळ घेऊन तशीच उभी राहिली आणि बाबांकडे बघत राहिली, जणू कुणीतरी परका माणूस शेडमध्ये आला होता.

पण गणपती झाल्यावर बघू, असंच ठरलं. विसर्जनानंतर आई त्यांना आधी काविळीचं औषध देणाऱ्याकडे घेऊन गेली. तिकडे डोंगराच्या कुशीत एक म्हातारे होते, रविवारी उपाशीपोटी यायला सांगत. औषध द्यायचे आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायचे. परातीतलं पाणी पिवळं होत जायचं. कावीळ उतरतेय, ते म्हणायचे. आईने मला ते पाणी किती पिवळं झालं ते हाताने दाखवून सांगितलं होतं, चेहरा उजळून. तीन रविवार पाणी पिवळं झालं. बाबा तसेच राहिले. मग महाड, मग मुंबई. पित्ताच्या नळीपाशी गाठ होती. तिथल्या डॉक्टरांनी फाइल चाळताना विचारलं, पिवळेपणा कधीपासून आहे? आई म्हणाली, गणपतीपासून. डॉक्टर म्हणाले, नाही, त्याच्या बरंच आधीपासून असणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? दोन महिने आधी आला असतात तर काहीतरी बघता आलं असतं.

काहीतरी म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी नंतर पुष्कळ वाचलं. कदाचित काहीच नाही. कदाचित वर्ष, दीड वर्ष. एका वर्षात एक मोसम येतो, शंभर गणपतींचे डोळे होतात. कणग्यात भात भरायच्या आत बाबा गेले.

डॉक्टर बोलले तेव्हा मी आईच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. वर्षं गेली, तो प्रश्न आईच्या नावावर राहिला. गावात, नात्यात, तेराव्याला, लग्नांत. कुणी तिच्या तोंडावर बोलत नाही, पडद्याआडून बोलतात. ती कुणाला उत्तर देत नाही, कारण तिला ते पटलेलं आहे. आता ती माणसांकडे वेगळं बघते. दर रविवारी मी घरातून निघायच्या आधी मला दाराशी, उजेडात उभी करते, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढते आणि म्हणते, "वर बघ." मग दुसरा डोळा. मग नखं. काकांची बघते, काकूची बघते, शेजारच्या घरात तान्हं मूल झालं तर त्याला उन्हात धरून बघते. एकदा एसटीत समोर बसलेल्या अनोळखी माणसाला तिने सांगितलं होतं, दादा, डोळे दाखवा डॉक्टरला. तो माणूस चिडला. आईला त्याचं काही वाटलं नाही.

ती पापणी ओढते तेव्हा तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ असतो. मी वर बघते. छताकडे, आभाळाकडे, जिथे ती नाही तिथे. इतक्या वेळा आम्ही अशा उभ्या राहिलो. इतक्या वेळा मी वर बघितलं.

आता मला दोन्ही भाषांत बरंच काही बोलता येतं. ऑफिसात फोन घेते, साहेबांची पत्रं लिहिते, कुणी म्हणत नाही की ही मुलगी गप्प असते. तो शब्द मात्र मी पुन्हा कधी वापरला नाही. कुठे छापलेला दिसला तर डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो. भाषेत एक शब्द कमी असला तर काही अडत नाही, असं मला वाटायचं. पण जो शब्द आपण टाळतो, तोच आपलं उरलेलं बोलणं कुठून कुठे वळवायचं ते ठरवत राहतो. आईशी मी बाबांबद्दल बोलत नाही. ती सुरू करते आणि मी चहाचं विचारते. तिला वाटतं, मला दुःख सहन होत नाही. ती मलाच जपते.

वरंधच्या बायका गेल्या. काकांनी त्यांचा पाट भिंतीला लावला आणि ते माती कालवायला परत आत गेले. हायवेवरून एक ट्रक घाटाच्या दिशेने कण्हत चढत होता. आईने सोवळ्याची शेवटची चूण भरली, ब्रश पाण्यात धुतला, फडक्याला पुसला. मूर्ती उजेडाकडे वळवून बघितली. मग तिच्याकडेच बघत, माझ्याकडे नाही, म्हणाली,

"खोटं काय बोलल्या त्या? सगळ्यात जवळ मी व्हते. मुंबईवरनं आलेल्या माणसाला दिसतं आणि मला नाय. मी कसली बायको."

आवाजात रडू नव्हतं. पाटांची यादी वाचावी तसं ती बोलली. तिने पुढची मूर्ती ओढली, पिवळ्याचा डबा उघडला, काठी घालून ढवळायला लागली. पुढचा श्रावण येईल, तेव्हाही कुणीतरी पाट घेऊन येईल आणि ती अशीच बसलेली असेल, हे मला स्पष्ट दिसलं. मी सांगितलं तर ती मला काय म्हणेल ते दिसत नव्हतं. कदाचित ती माझी पापणी पुन्हा कधी ओढणार नाही. कदाचित या शेडमध्ये मला रविवारी येता येणार नाही. मी हातातला उंदीर खाली ठेवला, आणि तो वाळलेल्या उंदरांच्या रांगेत नीट सरकवून लावण्यात जितका वेळ घालवता येईल तितका घालवला.

"आई," मी म्हटलं, "तुझ्या आधी मला दिसलं होतं. श्रावणातच. त्या वहीतल्या वाक्यात तेच लिहिलंय, बाबा पिवळे पडलेत, आजारी दिसतात. त्यांनी विचारलं काय लिहिलंस, आणि मी त्यांना सांगितलं नाही."